बुजवलेलं बावखल

आमच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये पूर्वी बावखलं असायची. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं, काठापासून तळापर्यंत उतरत गेलेलं मोठं तळं. आमच्या वाडीतही एक होतं. वैशाखात त्याचं पाणी तळाला गेलं की मी आणि माझा धाकटा भाऊ आत उतरून गाळ काढायचो. गाळ भावाच्या पानवेलींच्या मुळाशी जायचा. गाळात सापडलेले मरळ मासे दोन्ही घरांत शिजायचे.

तो वाडीत पानमळा करायचा, मी गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो. परिसंस्थेचा धडा आला की मी नववीच्या मुलांना थेट बावखलावर आणायचो. पाण्यावरचं शेवाळ, शेवाळावर जगणारे किडे, किडे खाणारे बेडूक आणि मासे, माशांवर टपलेला खंड्या. गळलेलं पान कुजून गाळ होतं आणि त्याच गाळातून नवं पान येतं, हे मुलांना चिखलात हात घालून कळायचं. भाऊ काठावरून ओरडायचा, "मास्तर, पोरांना शिकवा, पण माझी मरळ नका पळवू!"

वाटणीत बावखल माझ्याकडे आलं. मी ते बुजवलं. डास फार होतात, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला रस्त्यालगत स्लॅबचं घर हवं होतं आणि रस्त्यालगत बावखलच होतं. मुरमाचे डंपर आले तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, अर्धं तरी ठेव."

"अर्धं ठेवलं तर डास अर्धे चावतील काय?" मी म्हणालो. तो हसला. मला वाईट वाटू नये म्हणून तो हसला, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या काही उन्हाळ्यांत आसपासच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या, मग खारट. समुद्राजवळच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं आणि त्याच्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. वरून पाऊस मुरत राहिला तर तो थर टिकतो. बावखल तेच काम करत होतं. उपसा जास्त झाला तरी थर पातळ होतो, हेही खरं. पण पानमळ्यासाठी विहिरीवर बसवलेला भावाचा पंप कितीतरी वर्षं चालू होता, आणि बावखल होतं तोवर विहिरी गोड होत्या. मला हे ठाऊक होतं. मी तेच तर शिकवत होतो.

गावात कुजबुज सुरू झाली होती. कुणी बोईसरच्या कारखान्यांना दोष देत होतं, कुणी माझ्या नव्या घराकडे बघत होतं. त्या वर्षी नववीत भूजलाचा विषय निघाला. मी फळ्यावर समुद्र काढला, जमीन काढली, गोड्या पाण्याचा थर काढला आणि त्यात एक पंप काढला. बावखल काढलं नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पंप पाच हॉर्सपॉवरचा का?" वर्ग हसला. एवढा मोठा पंप आमच्या आळीत एकाच वाडीत होता. त्या वाडीची मुलगी, माझी पुतणी, दुसऱ्या बाकावर बसली होती.

मी हसणाऱ्यांना गप्प करायला हवं होतं. मी तिलाच उभं केलं. विचारलं, "सांग, विहिरी खाऱ्या व्हायला जबाबदार कोण?"

ती खाली बघत म्हणाली, "माझे बाबा, सर."

"बरोबर. बस."

संध्याकाळी भाऊ माझ्या ओट्यावर आला. "दादा, पोरगी सांगते माझ्या पंपानं सगळ्यांचं पाणी खारं केलं. खरं हाय?"

"शास्त्र तसं सांगतं," मी म्हणालो.

"मंग बंद करतो. लोकांचे शाप नकोत आपल्याला."

वाद नाही, भांडण नाही. त्याने पंप बंद केला. घागरींनी पाणी घालून पानमळा जगत नाही. त्या उन्हाळ्यात वेली पिवळ्या पडल्या, आधाराच्या झाडांवरून सुकून लोंबू लागल्या. विहिरींचं पाणी काही सुधारलं नाही, पण तोवर ते कुणी तपासत नव्हतं. गावाला दोषी मिळाला होता. पुढे भाऊ बोईसरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला आणि जवळच्याच सरावलीतल्या एका खोलीत राहायला गेला.

इतक्या वर्षांनी, यंदा दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेलो. पुतणीही तिथेच राहते, त्याचं सगळं तीच बघते. तिच्यासमोरच मी सगळं सांगितलं. बावखल, घर, फळा. भाऊ खाटेवर बसून ऐकत होता.

"पंप चालू ठेवला असता तर मळा ऱ्हायला असता?" त्याने विचारलं.

"काही वर्षं तरी नक्की."

तो म्हणाला, "आता घर पाडून बावखल खणतोस काय?" आणि पूर्वीसारखंच हसला. मला हसता आलं नाही. मग तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग, दादा? तू पोरांना शिकवलंस. त्यांना सांग."

ती मुलं आता प्रौढ झाली, कुठे कुठे गेली. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्या दिवशी मी ज्या उत्तराला बरोबर म्हटलं ते चूक होतं. चूक उत्तर मीच त्या मुलीकडून वदवून घेतलं होतं.

निघताना पुतणी रिक्षापर्यंत आली. रिक्षावाल्याशी हिंदीत भाडं ठरवून तिने मला आत बसवलं.

"काका, त्या दिवसानंतर मी बाबांच्या ताटात जेवायला बसणं सोडलं," ती म्हणाली. "लहानपणापासून आम्ही एका ताटात जेवायचो. ते रोज हाक मारायचे. मी म्हणायची, भूक नाही. मग त्यांनी हाक मारणं बंद केलं."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती वळून खोलीकडे निघाली. भावाची जेवणाची वेळ झाली होती.