पारोळ्याच्या अलीकडचा पंप

ताईचं ऑपरेशन धुळ्याला होतं, दुपारी. मी आल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने फोनवर सांगितलं होतं. आदल्या रात्री जळगावात वीज गेल्यामुळे गाडी अर्धीही चार्ज झाली नव्हती. तरी निघाले. उन्हात एसी बंद करायची हिंमत झाली नाही आणि एरंडोल सोडल्यावर चार्ज भराभर उतरू लागला.

पारोळ्याच्या अलीकडे एका पेट्रोलपंपावर चार्जर दिसला. दोन मशीनपैकी एक बंद होतं. दुसऱ्याला गाडी लावली आणि पंपाच्या मालकीणबाईंजवळ ऑफिसात जाऊन बसले. सत्तरीच्या असतील. सगळे त्यांना अक्का म्हणत होते. पतीच्या मागे पंप त्याच बघत होत्या. मुलाला आता पेट्रोल काढून सगळीकडे चार्जरच बसवायचे होते. अक्कांना ते पटत नव्हतं. पेट्रोलवाला गिऱ्हाईक गाडीतून उतरतसुद्धा नाही आणि हे विजेवाले उठतच नाहीत, त्यांना सावली द्या, पाणी द्या, संडास द्या, असं त्या सांगत होत्या.

तेवढ्यात पंखा थांबला. वीज गेली.

पंपाचा जनरेटर सुरू झाला, पण तो फक्त पेट्रोलच्या मशीनपुरता होता. मी बाहेर जाऊन गाडीत खोचलेली चार्जरची गन ओढली. ती गाडीला घट्ट अडकली होती, काही केल्या निघेना. कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर तो माणूस वीज आल्यावर सुटेल एवढंच म्हणाला. मग भाऊजींचा फोन आला. डॉक्टर घाई करत होते. पोचतेच आहे, असं मी त्यांना खोटंच सांगितलं आणि पुन्हा गन ओढत बसले. हायवेवरून गाड्या जात होत्या. त्यातली एखादी थांबवावी, हे मला सुचलंच नाही. नवीन गाडी अशी उघड्यावर टाकून जायचं, तर घरी काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. ऑपरेशनचं मी त्यांना ऑफिसात बसल्या बसल्या सांगितलं होतं.

"गाडी अटकनी शे," त्या म्हणाल्या. "तू कसाले अटकस?"

मला रडू आलं. त्यांनी किल्ली मागून घेतली आणि डिझेल भरून निघालेल्या एका केळीच्या टेम्पोला हात केला. ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. मला त्याच्या शेजारी बसवून, हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोड, असं त्यांनी त्याला बजावलं.

पोचले तेव्हा ताईला आत नेलं होतं. दार बंद होतं. भाऊजी म्हणाले की जाताना ती जिन्याकडे बघत होती. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिने माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी एसटीने पंपावर गेले. गाडी पूर्ण चार्ज होऊन सावलीत उभी होती. आता दुसरंच एक कुटुंब चार्जरला गाडी लावून ऑफिसात बसलं होतं. अक्कांची लेकही धुळ्यालाच असते, हे चहा पिताना कळलं. मी म्हटलं, मी परत तिकडेच चाललेय, चला, लेकीला भेटून या. त्या क्षणभर उठल्यासारख्या झाल्या. मग त्या कुटुंबाकडे बघून पुन्हा बसल्या.

"आते नही. ह्या लोके बठेल शेतस ना."