खाडीपलीकडे सोडलेला

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यात मी बरा दिसत नाही.

मुलगा, सून आणि नात सुटीत गावी आली, की आम्ही मालवणजवळच्या जखमी जनावरांच्या आश्रयस्थानात जायचो. तिथला सांभाळणारा माणूस हातातली भाताची बादली खाली न ठेवताच बोलायचा. प्रत्येक जनावर कुठे सापडलं ते सांगायचा, कोणी टाकलं ते कधीच नाही. "ह्या मांजर मासळी बाजारात गावला. हो बैल रस्त्यार गावलो."

पहिल्याच भेटीत एक लंगडा कुत्रा धावत येऊन माझ्या पायांत लोळू लागला. माझ्या काजूच्या बागेची राखण त्याने सात वर्षं केली होती. पाय मोडल्यावर मीच त्याला होडीतून खाडीपलीकडे सोडून आलो होतो, कारण पाणी ओलांडून कुत्रा घरी परतत नाही.

"आजोबा, हा तुम्हाला ओळखतो?" नातीने विचारलं.

त्या माणसाने एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"नाय गो बाय. म्हातारी माणसां दिसली काय तो असोच करता." मग त्याने बादली माझ्या हातात दिली. "घाला त्येका. तुमच्या हातान खातलो."

पुढे दर खेपेला तो बादली मलाच द्यायचा.

कुत्रा गेल्याचं कळल्यावर मी एकटाच गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून. त्याने फणसाखालची जागा दाखवली.

"अरे, तो कुत्रो..." मी सुरुवात केली.

"खाडीपलीकडे गावललो," तो हलकेच म्हणाला आणि बादली उचलून मांजरांकडे गेला. माफीचा शब्द तसाच तोंडात घेऊन मी घरी आलो.