दुप्पट अक्षरं

आमचा कॉम्प्युटर म्हातारा झाला तेव्हा मुलाने त्यावर विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं. बायकोची अट एकच होती, पडद्यावरचं सगळं मराठीत हवं. तिने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं होतं. पण जी मराठी आली ती थेट कलेक्टर कचेरीतून आल्यासारखी होती: प्राधान्ये, अभिगम्यता, दृश्यपटल. हे कुणाच्या घरात बोलतात, असं ती म्हणाली. तरी इंग्रजी परत आणू दिली नाही. मग आम्ही शब्दांचा नाद सोडला आणि जागा पाठ केल्या. वरून चौथं, मग उजवीकडचं.

पुढे तिची नजर अधू झाली. चौकातल्या नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवरची अक्षरं तेवढी तिला दिसायची, पण तिथे वाचण्यासारखं काही नसायचं. म्हणून कॉम्प्युटरवरची अक्षरं दुप्पट केली आणि ती रोज पेपर वाचू लागली.

ती गेली. अक्षरं दुप्पटच राहिली.

गेल्या महिन्यात अपडेट आलं आणि सगळं बारीक झालं. फॉन्टही बदलला. रफार वरून कापलेले, उकार खालच्या ओळीत घुसलेले. वरून चौथ्या जागी आता प्रिंटर होता.

मुलाला बंगळूरला फोन लावला. तो म्हणाला, इंग्रजी करा, दोन मिनिटांत सांगतो. मी म्हटलं, इंग्रजी नको, अक्षरं मोठी कर.

“बाबा, तुम्हाला तर बारीक अक्षर दिसतंय की.”

“दिसतंय.”

“मग?”

रेंज जातेय म्हणून मी फोन ठेवला. रेंज चांगली होती.

नेटवरचे सल्ले सगळे इंग्रजीत. तिथल्या प्रत्येक शब्दाला भाषांतरकाराने इकडे काय म्हटलं असेल, याचा अंदाज करत दुपार गेली. शेवटी आकाराची जागा सापडली. दुप्पट केलं, तर बदल कायम ठेवायचा का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याचं मराठी मला उमगेपर्यंत त्याने माझा नकार गृहीत धरला आणि बारीक अक्षरं परत आणली. दुसऱ्या वेळी, सरकारी कागदावर सही करतो तशी, न वाचताच संमती दिली. फॉन्टही तिचा जुना, गोलसर, शोधून बसवला. रफार जागेवर आले.

मग पेपर उघडला. एका पडद्यात चार ओळी मावत होत्या. ती हळू वाचायची, तिला पुरायच्या. मी दोन बातम्या वाचेपर्यंत पान सरकवून सरकवून माझं बोट दुखायला लागलं आणि गरगरल्यासारखं झालं. आठवडाभर तसंच रेटलं. मुलाने फोनवर विचारलं तेव्हा जमलं म्हणून सांगितलं.

काल आकार एक पायरी खाली आणला. फारसा फरक जाणवत नाही. माझ्या आकारापर्यंत अजून काही पायऱ्या आहेत, पण कुणी खोळंबलेलं नाही.