उजव्या भुवईवरचा आवाज

चाचांनी ती डबी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तू ऐक आन् मले सांग." एवढं बोलून ते पुन्हा समोरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात डोकं घालून बसले.

मला तिथेच संशय आला. चाचा माझे मालक. आजवर प्रत्येक वस्तू त्यांनी आधी स्वतः ऐकायची, निकाल लावायचा आणि मग माझ्या हातात द्यायची, अशी आमची रीत. ही डबी चार दिवस त्यांच्यापाशी होती. रोज कानात घालून ऐकत होते. पण निकाल काही सांगितला नव्हता.

डबीत कानातले मॉनिटर होते. गाणारे स्टेजवर कानात बसवतात आणि त्यातून स्वतःचा आवाज ऐकतात, ते. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या एका ताईंनी मागवलेले, आणि साधे नव्हेत, प्लेनर. साध्या इअरफोनमध्ये छोटासा कोन असतो, मागे तारेचं वेटोळं असतं. यात तसं काही नाही. झिरझिरीत सपाट पडदा, त्याच्यावरच तारेची नक्षी छापलेली, आणि पडद्याला लागून चुंबकं. ताईंची तक्रार एकच होती: "चाचा, माझाच 'स' माझ्या कानात सुईसारखा टोचतो. रविवारच्या लग्नाआधी ठीक करून द्या."

आमचं दुकान देऊळगाव राजाला, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. मी इकडचा नाही. माझं गाव कोकणात, समुद्राला लागून. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, उगाच कोणाला दोष कशाला द्या. एका फिरत्या ऑर्केस्ट्राबरोबर स्पीकरचे बॉक्स उचलत इथवर आलो, बालाजीच्या जत्रेत तापाने पडलो, आणि ऑर्केस्ट्रा मला सोडून पुढच्या गावाला निघून गेला. त्यांचा अ‍ॅम्प दुरुस्त करायला आलेल्या चाचांनी मला घरी नेलं. चाचींनी तीन आठवडे मुगाची खिचडी खाऊ घातली. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण दुसऱ्याच्या उपकारावर उभ्या राहिलेल्या माणसाला एक खोड लागते. तो समोरच्याचा चेहरा सारखा वाचत बसतो.

माझ्याजवळ दाखला नाही, सर्टिफिकेट नाही. कान आहेत. त्यांच्यावरच इथे भाकरी मिळाली. आणि गेला महिनाभर मला डाव्या कानाचा भरवसा वाटत नव्हता. एका कार्यक्रमात कोणीतरी मागून ओरडलं होतं, "डावीकडचा डब्बा काऊन बोंबलून राह्यला बे?" मला तर दोन्ही बॉक्स सारखे वाटत होते. आईचा फोन मी नेहमी डाव्या कानाला लावायचो. त्यानंतर ती बोलत असताना मधेच कान बदलून बघायला लागलो. ती म्हणायची, "अरे, ऐकतोस ना?"

त्यात दोन दिवसांपूर्वी मी चहा घेऊन आत शिरलो, तर चाचा फोनवर कोणाला तरी सांगत होते, "कान पहिल्यासारखा नाही राह्यला. सोमवारी जालन्याले दाखवतो." मला बघितलं आणि विषय बदलला. आणि आता ही डबी. मला परीक्षेला बसवलं होतं, दुसरं काय?

दुपारी मी मागच्या खोलीत पंखा बंद करून ऐकायला बसलो. डावा तुकडा कानात दाबताना आत कर्र् असं वाजलं, पापड मोडल्यासारखं. दचकून काढून बघितला. उजवाही तसाच वाजला. पडद्यावर हवेचा दाब पडला की हे असं होतं, हे मला ठाऊक होतं, तरी दोनदा तपासलं.

मोबाईलला जोडलं तर आवाज उपाशी माणसासारखा. मिक्सरला जोडल्यावर त्याच्या अंगात जीव आला. आधी तबला लावला. डग्ग्यावर हात पडला, घुमला आणि जिथल्या तिथे संपला, मागे काही सांडलं नाही. असा आवरता खर्ज मी साध्या इअरफोनमध्ये कधी ऐकला नव्हता. हार्मोनियमच्या भात्यातली हवासुद्धा वेगळी कळत होती. वरच्या अंगाला मात्र एक तीक्ष्ण कड होती. ताईंचं रेकॉर्डिंग लावलं आणि उजव्या कानात 'स' टोचला.

फक्त उजव्या कानात.

डावीकडे 'स' मऊ होता, मखमलीत गुंडाळल्यासारखा. तबल्याच्या कडेवरची चाट तिकडे बोथट वाजत होती. मी दोन्हीकडे सारखाच जाणारा एकच आवाज लावला. असा आवाज कपाळाच्या मधोमध बसायला हवा. तो उजव्या भुवईवर जाऊन बसला.

वायर काढून डावी-उजवी उलटी जोडली. आवाज उजव्या भुवईवरच. म्हणजे वायर ठीक. आता दोनच शक्यता उरल्या होत्या: डाव्या तुकड्यात दोष, नाहीतर डाव्या कानात. डावा तुकडा उजव्या कानात घातला असता की एका मिनिटात उत्तर मिळालं असतं. मी घातला नाही. डबी बंद केली आणि बाहेर आलो.

"दोन्ही बाजू बरोबर आहेत," मी म्हणालो. "'स'साठी कानात जाणाऱ्या नळीत विरळ स्पंज टाकू."

चाचांनी चष्मा काढला. "दोन्ही बरोबर?"

"हो."

"डावाबी?"

"डावापण."

त्यांचा चेहरा पडला. हातातली सोल्डरची डागणी त्यांनी बाजूला ठेवली. मला वाटलं, पकडला गेलो. मग म्हणाले, "मंग रविवारी ताईसोबत तूच जाय. मिक्सरवर तूच बस. मी नाही येत."

चाचा कधी कार्यक्रम सोडत नाहीत. मी मनात म्हटलं, हां, आता आलं ध्यानात. भर मांडवात माझी फजिती होऊ द्यायची, म्हणजे हाकलताना काही बोलावं लागणार नाही. ज्या माणसाने मला रस्त्यावरून उचललं, त्याच्याबद्दल असा विचार केला. लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

सकाळी स्पंजचे तुकडे कापायला बसलो आणि हात चालेना. मी खोटं बोललो ते एक वेळ सोडा. पण त्या बाईने तिरका आवाज कानात घेऊन शेकडो लोकांसमोर गायचं, आणि सूर गेला तर दोष तिचा. शेवटी डोळे मिटले आणि डावा तुकडा उलटा धरून कसाबसा उजव्या कानात कोंबला.

बोथट! उजव्या कानात बोथट! उजवा तुकडा डाव्या कानात घातला, तर 'स' असा टोचला की डोळ्यांत पाणी आलं. सुई टोचल्याचा एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

मग भिंगाखाली डाव्या तुकड्याची नळी धरली. तोंडावरची बारीक जाळी तेलकट चमकत होती, तिच्यात कापसाचा एक तंतू अडकला होता. नाकाशी नेला. खस.

आमच्या दुकानात डागकामाच्या धुराबरोबर खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या अत्तराचा वास कायमचाच, त्यामुळे वेगळा असा जाणवतच नाही. चाचा जुम्म्याला अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया डाव्या कानाच्या वळीत खोचतात आणि तो आठवडाभर तिथेच असतो. इअरफोन घालताना फाया काढायचा, झाल्यावर परत खोचायचा. चार दिवस हेच चाललं होतं. कानाला लागलेलं तेल जाळीत मुरलं आणि छिद्रं बुजली.

मी भिंग आणि तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. "चाचा, तुमचा फाया."

त्यांनी बघितलं, वास घेतला, कानातला फाया काढून तो बघितला. मग एकदम खुर्चीत मागे रेलले. "या अल्ला! मी चार दिवसांपासून मले बहिरा समजून राह्यलो!"

"तुम्ही?"

"मंग काय? डाव्यानं कमी ऐकू आलं. म्हटलं, वय झालं, गेला कान. जालन्याले नंबर लावला. तुले काऊन देल्लं ऐकाले? तू म्हणशीन खराब हाय, तर माहा कान वाचला. तू म्हणे, दोन्ही बरोबर!" ते पुढे झुकले. "काऊन म्हणला बे तसं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला वाटलं, माझाच गेला. कान गेलेला माणूस तुम्ही कशाला ठेवाल?"

चाचांनी हातातला फाया टेबलावर ठेवला. मग आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अजी सुनती हो? तुमची खिचडी वाया गेली!" आणि हसायला लागले. मला हसू येईना, पण छाती मोकळी झाली.

जाळी काढून स्पिरिटमध्ये धुतली, वाळवून परत बसवली. आवाज कपाळाच्या मधोमध आला. मग दोन्ही नळ्यांत विरळ स्पंज टाकला. पहिला तुकडा जाड झाला, हार्मोनियमची हवा गेली. निम्मा केला तेव्हा जमलं. रविवारी आम्ही दोघेही गेलो. दुसऱ्या गाण्यानंतर ताईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि खाली उतरल्यावर म्हणाल्या, "आता माझा 'स' माणसात आला."

सोमवारचा नंबर चाचांनी रद्द केला नाही. "लावलाच हाय, तर दोघंबी दाखवू."

जालन्याला आधी मला एका काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. थोड्या वेळाने तपासणाऱ्या मॅडम दार उघडून म्हणाल्या, "अहो, आवाज नसताना बटण का दाबताय?"

"एखादा सुटायला नको म्हणून."

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. चाचांचे कान वयाच्या मानाने छान निघाले. माझा उजवा चांगला. डाव्याला अगदी बारीक, उंच शिटी उशिरा ऐकू येते. काळजी नको म्हणाल्या, पण बॉक्ससमोर उभं राहू नका.

स्टँडवर चहा घेताना चाचांनी विचारलं, "काय म्हणली तुले?"

'बरोबर आहे' हे शब्द जिभेवर तयारच होते. ते गिळले आणि सगळं सांगितलं, शिटीसकट.

चाचांनी चहा संपवला. "मंग आता डावीकडचा डब्बा मी पाहीन, उजवीकडचा तू. आन् त्या डब्ब्यासमोर उभा दिसला, तर मार खाशीन."

बस लागली. आत चढल्यावर ते माझ्या उजव्या बाजूला बसले आणि देऊळगाव येईपर्यंत बोलत राहिले. मुद्दाम तिकडे बसले, की जागाच तेवढी रिकामी होती, ते मी अजून विचारलेलं नाही.