बिरूच्या आक्काचा फोटो

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराचा रस्त्याकडचा गाळा मी बिरूला भाड्यानं दिला, तेव्हा शेजारच्या बायकांनी मला वेड्यात काढलं होतं. फोटोवाला म्हणजे दारात सदा वऱ्हाड, गजरे आणि गोंगाट. मी म्हटलं, असू दे गोंगाट. यजमान गेल्यापासून घरात भांडायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरणीला रागवायला कुणीतरी लागतंच. बिरू त्या कामी फार उपयोगी पडला. पाटी अर्धवट रंगवलेली, शटर कधीच वेळेवर उघडायचं नाही, आणि मी ओरडले की "व्हय बाई, व्हय बाई" करत हसायचा. त्याच्या हसण्यापुढे माझा राग कधी टिकला नाही.

तो मूळचा बिडकीनजवळच्या एका मेंढपाळाच्या घरचा. आई तो रांगत असतानाच गेली. वाढवला तो मोठ्या बहिणीनं, सारजाबाईनं, त्याच्या आक्कानं. मेंढरामागं चालून चालून हा पोरगा दमला की ती त्याला पाठीशी बांधायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली, भाऊ माझ्यासंगं येईल. नवरा कडुबा भला माणूस. कळपात एक कोकरू जास्त म्हणायचं, असं म्हणून त्यानं बिरूला आनंदानं सांभाळलं. बिरू त्याला दाजी म्हणायचा, पण वागायचा पोटच्या पोरासारखा.

मोठा झाल्यावर बिरू शहरात आला आणि शहागंजाच्या बाजूला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या स्टुडिओत झाडलोट करायला लागला. तिथंच कॅमेरा हातात आला. उस्तादानं शिकवलेली एक गोष्ट तो अगदी उस्तादाच्या बोलीत सांगायचा: "दुल्हन की बिंदी पकड, चेहरा आपीच आ जाता." म्हणजे असं की, कुंकवाची कड ठसठशीत असते. तिच्यावर लेन्स जुळवली की सगळा चेहरा आपोआप स्वच्छ उतरतो. रोलचे कॅमेरे गेले, ऑटोफोकसचे आले, लेन्स आपली आपणच जुळवून घ्यायला लागली. बिरूची सवय मात्र तीच राहिली. कॅमेऱ्याच्या खिडकीतला मधला चौकोन नवरीच्या कपाळावर ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं, 'टिट' असा आवाज आला की पूर्ण दाबायचं. अर्ध्या शहराची लग्नं त्यानं अशी कपाळावरून टिपली.

पण त्याच्या आक्काचा एकही धड फोटो त्याच्याकडे नव्हता. लोहाराच्या घरी विळी बोथट म्हणतात तसं. वर्षाचे आठ महिने ती मेंढरामागं रानात. बिरूच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात ती एका फोटोत आहे, तीसुद्धा पाठमोरी, पंगतीत वाढताना. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची म्हणे. ते कुंकू मी कधी पाहिलं नाही.

दोन हजार तेराच्या दुष्काळात कडुबा कळप घेऊन पार गोदाकाठानं लांब गेला आणि तिकडेच ऊन लागून गेला. तेराव्याला पाटावर ठेवायला त्याचा फोटो नव्हता. घरच्यांनी त्याची काठी ठेवली, घोंगडं घडी करून ठेवलं आणि त्याला हार घातला. त्या पाटासमोर बसलेल्या बिरूला कुणीतरी सहज म्हणालं, तू तर फोटोवाला ना रं? परत आला तो कितीतरी दिवस हसला नाही. शेवटी एकदा माझ्याजवळ बोलला, की आता आक्काचा तरी एक चांगला फोटो काढून ठेवतो. ती गेल्यावर तिच्या जागी काठी ठेवायची वेळ नको.

आक्का तयार होईना. रांडमुंड बाईचा कशाला फोटू, म्हणायची. कुंकू पुसलं तसं गावानंही तिला पुसून टाकलं होतं. ओटी भरायला बोलावणं नाही, बारशाला नाही. पुतणीच्या लग्नात बिरू मांडवात फोटो काढत होता. त्यानं हाका मारमारून बोलावलं तरी ती चुलवणापासून हलली नाही. आपल्या पायानं मांडवात गेलं तर उद्या कुणी बोट दाखवील, ही भीती. मला असल्या रीतींचा भयंकर संताप येतो. माझे यजमान गेले तेव्हा माझ्या नणंदेनंही माझ्या टिकलीकडे बघून नाक मुरडलं होतं. मी दुसऱ्या दिवशी जरा मोठी टिकली लावून शाळेत गेले. पण मला पगार होता, स्वतःचं घर होतं. सारजाबाईजवळ मेंढरं होती, आणि तीही फार दिवस राहिली नाहीत. बिडकीनच्या भोवतालची रानं कारखान्यांसाठी आखली गेली. जिथं कळप बसायचा तिथं तारेचं कुंपण आलं, रुंद रस्ते आले. तिनं कळप विकला. मुलगा हनुमान वाळूजला कंपनीत ठेकेदाराकडं लागला.

सोळाच्या उन्हाळ्यात तिला घास गिळता येईना म्हणून हनुमाननं तिला शहरात आणलं. दुखणं मोठं निघालं. सरकारी दवाखान्यात उपचार चालू असताना ती बिरूकडे राहिली. त्याची खोली पत्र्याची, त्यात तो उन्हाळा, नळाला आठवड्याकाठी पाणी. म्हणून दिवसा तो तिला दुकानात आणून बाकावर झोपवायचा. मी वरून पातळ पेज घेऊन जायचे. ती दोन चमचे घ्यायची आणि मला म्हणायची, बाई, तुमच्या हाताला चव हाय. माझ्या हाताला चव आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. मी मग रोज जायला लागले.

एक दिवस डॉक्टरांनी हनुमानला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. आक्काला कुणी काही बोललं नाही, पण तिला कळलंच असणार. कारण त्या दुपारी ती आपण होऊन बिरूला म्हणाली, की काढ बाबा तुझा फोटू एकदाचा.

बिरूची कोण धांदल उडाली. तिला स्टुडिओतल्या खुर्चीवर बसवलं, मागे राखाडी पडदा सोडला. तिचं फिकं लुगडं, फिका चेहरा. मोठे दिवे लावले तर तिच्या डोळ्यांना सोसेनात, म्हणून एका ट्यूबलाइटवर भागवायचं ठरलं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं. लेन्स घर्र करून पुढे गेली, घर्र करून मागे आली, पुन्हा पुढे. 'टिट' काही होईना, आणि ते झाल्याशिवाय त्या कॅमेऱ्यात फोटो निघत नसे.

पहिल्यांदा त्यानं लेन्सच्या कडेचं बटण बघितलं. ऑटोवरच होतं. मग लेन्स काढली. तिच्या बुडाशी बारीक सोनेरी ठिपके असतात, त्यांतून कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलतात म्हणे. ते त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले, कॅमेऱ्याच्या तोंडावरची धूळ फुंकली, लेन्स पुन्हा फिरवून टक्क बसवली. घर्र, घर्र. बॅटरी बदलली. दुसरी, लग्नातली लांब लेन्स लावून बघितली. तीही तशीच चाचपडायला लागली. मी नेहमीच्या सवयीनं म्हटलं, दुसऱ्यांच्या लग्नात बरा चालतो रे तुझा कॅमेरा. तो हसला नाही. त्याला घाम फुटला होता, आणि आक्का ताठ बसून दमत चालली होती.

मग त्यानं कॅमेरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवला. टिट. घड्याळाकडे वळवला. टिट. म्हणजे लेन्स धड, कॅमेरा धड. मग उजेड कमी पडतोय की काय, हे पडताळायला त्यानं आक्काला बाकावर टेकवलं आणि मला म्हणाला, बाई, तुम्ही जरा बसा त्या खुर्चीत. मी बसले. तोच पडदा, तोच उजेड, तीच लेन्स. टिट. पहिल्याच झटक्याला फोटो निघाला.

बिरूचा जीव भांड्यात पडला. झालं सुरळीत, म्हणत त्यानं आक्काला पुन्हा खुर्चीत आणलं, पदर नीट केला, कॅमेरा डोळ्याला लावला. घर्र. घर्र. घर्र.

तो पुन्हा लेन्स काढायला लागला तेव्हा सारजाबाई बोलली. इतका वेळ ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"राहू दे बिरू. बाईंच्या कपाळाला टिकली हाय."

त्याला काही समजलं नाही. मला समजलं, आणि माझा हात नकळत कपाळाकडे गेला.

"कुंकवाबिगर मी गावाला दिसत नाय, ते मला ठावं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. "तुझ्या कॅमेऱ्यालाबी दिसत नाय व्हय रं?"

बिरू लेन्स हातात घेऊन उभाच राहिला. इतकी वर्षं त्याचा हात न सांगता कपाळावर जात होता, आणि तिच्या कपाळावर धरायला काहीच नव्हतं. मला वाटलं, आपली टिकली काढून तिच्या कपाळाला लावावी. पण तिला ते चाललं नसतं, आणि मलाही तेव्हा ते थट्टेसारखं वाटलं असतं. मला फार रडू येत होतं.

शेवटी त्यानं लेन्स बसवली, कडेचं बटण ऑटोवरून काढून हातावर घेतलं, आणि रोलच्या कॅमेऱ्यासारखी लेन्स बोटांनी फिरवायला लागला. डोळे भरून आले की पुसायचा, पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावायचा. एक फोटो काढला.

"आले का मी?" तिनं विचारलं.

"आलीस आक्का," तो म्हणाला.

दुसरा काढायला त्यानं तिला बसवलं नाही. संध्याकाळी हनुमान तिला गावी घेऊन गेला.

फोटोत तिच्या खांद्यावरच्या पदराचा धागा न् धागा दिसतो. चेहऱ्यावर मात्र धुकं पडल्यासारखं आहे. पदराच्या काठावर चौकोन ठेवला असता, डोळ्यावर ठेवला असता, तरी ऑटोनं धरलं असतं, असं बिरू नंतर मला सांगत होता. सगळं नंतर सुचतं.

पंधरवडाही गेला नाही तोच ती गेली. गावात टँकर अजून चालूच होते. हनुमान दुकानात आला तो मोबाइल घेऊन. दवाखान्याच्या खाटेवर त्यानं तिचा एक फोटो काढला होता, सहज, डॉक्टरांची वाट बघताना. तोच मोठा करून फ्रेम करून दे, म्हणाला. मामाच्या फोटोबद्दल तो वाईट काही बोलला नाही. बिरूनं मोबाइल घेतला आणि फोटो मोठा करून बघितला. सारजाबाई समोर बघत होती. सुरकुती न् सुरकुती स्वच्छ, कपाळ मोकळं, आणि चेहरा लख्ख दिसत होता. बिरूनं तो स्वतः छापला, स्वतः काचेत बसवला, हार आणला. "घे," हनुमानला म्हणाला, "ह्यात आक्का दिसतीया." आणि मग आतल्या पडद्यामागं जाऊन ढसाढसा रडला.

तेराव्याला पाटावर तो मोबाइलचा फोटो होता. स्वतः काढलेला त्यानं दुकानात लावला, लग्नाच्या झगमगत्या जोडप्यांच्या मधोमध. गिऱ्हाइकं बघतात आणि कुजबुजतात. एकदा मीच नेहमीसारखं खेकसले, की अरे, फोटोच्या दुकानात असला धूसर फोटो कुणी लावतं का, लोक काय म्हणतील?

तो काच पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"फोटू बरा हाय बाई," तो म्हणाला. "मलाच तिच्याकडं नीट बघता आलं नाय."

त्या दिवसानंतर मला बिरूला रागवता आलेलं नाही.