विश्वजितचा नाद

माझा चुलत भाऊ विश्वजित असा दिसतो की एसटीचा कंडक्टरसुद्धा त्याला 'साहेब' म्हणतो. दारातून येताना मान वाकवावी लागेल अशी उंची, रुंद खांदे, पीळदार मिशी. आमच्या घरात पुरुषांनी फौजेत जायचं हे ठरलेलंच असतं. आजोबा गेले, विश्वजितचे वडील नानासोकाका हवालदार होऊन परत आले. विश्वजितची उंची बसली, छाती बसली, डोळ्यांनी मात्र दगा दिला. चष्मा काढला की त्याला समोरची म्हैस आणि ट्रॅक्टर यांतला फरक कळत नाही. मग तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागला. त्याच्यापुढे भलेभले ट्रकवाले गप उभे राहतात. आणि हाच गडी रविवारी मलकापुरात, माझ्या नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चित्रांचे पत्ते खेळतो.

रमी, तीन पत्ती असलं काही नाही. हे पत्ते पाकिटातून मिळतात आणि आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. कशावर पंखांचा वाघ, कशावर बर्फाची राणी, कशावर नुसतीच पेटलेली नदी. प्रत्येकाचं बळ वेगळं. जमवलेल्या पत्त्यांतून साठ निवडून आपला डेक बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढवायचा. नको असलेला पत्ता देऊन हवा तो घ्यायचा. आमच्या दुकानात त्याचीही एक रीत पडली आहे. अदलाबदल ठरली की दोन्ही पत्ते टेबलावर उताणे ठेवायचे आणि चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत कुणीही आपला पत्ता परत उचलू शकतो, कप रिकामे झाले की सौदा पक्का. विश्वजितइतका सावकाश चहा पिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

डेक बांधण्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नाही. जड पत्ते जास्त झाले तर सुरुवातीला ते हातात नुसते अडकून पडतात, हलके जास्त झाले तर शेवटी दम राहत नाही, असं तो मला समजावून सांगायचा. एक पत्ता काढायचा, दुसरा घालायचा, पुन्हा पहिलाच घालायचा, यात त्याची अख्खी दुपार जायची. गेल्या दिवाळीनंतर सांगलीच्या स्पर्धेत तो दुसरा आला. मिळालेला चषक त्यानं घरी नेलाच नाही. आमच्या दुकानात लॅमिनेशनच्या मशीनमागे, वर फडकं टाकून ठेवला. घरी सांगितलं, कारखान्याच्या कामानं सांगलीला गेलो होतो. "पोरं पोरीचं नाव लपवत्यात, तू वाघ लपवतूस," असं मी चिडवलं की हसायचा, पण कान लाल व्हायचे.

हा खेळ त्याला शिकवला महेंद्रनं. महेंद्र आमच्याच गावचा, बुद्धविहाराशेजारच्या बनाकाकूंचा मुलगा. दोघे शाळेपासून जोडीनं. महेंद्र पुण्याला शिकायला होता तेव्हा तिथं हा खेळ शिकून आला. आता तो मलकापुरात दहावीच्या गणिताचा क्लास घेतो. बनाकाकूंचं घर त्याच क्लासवर चालतं.

फाल्गुनात विश्वजितला लोणंदच्या अंकिताचं स्थळ आलं. मुलगी शिकलेली, शांत, त्याला पाहताक्षणी आवडलेली. आमच्याकडे मुलाची चौकशी म्हणजे पोलिसांनी धडे घ्यावेत अशी असते. पाहुणे आधी पानटपरीवर विचारतात, मग न्हाव्याकडे, आणि मग घरी येऊन पोहे खातात. अंकिताचे मामा नाथाजी तर मलकापूरचेच. त्यांना कुणाला विचारायचीही गरज पडली नाही.

बैठकीला मी मदतीला होते, आतल्या दारात ट्रे घेऊन उभी. पोहे झाले, चहा झाला, आणि मामा म्हणाले, "घर चांगलं हाय, नानासो. पर एक बोलतो, राग मानू नका. पोरगं रविवारी मलकापुरात पत्ते कुटतंय. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. शटर अर्धं वडलेलं, आत सातआठ गडी, टेबलावर पत्त्यांचा ढीग."

ते शटर विश्वजितच्याच आग्रहामुळं ओढलेलं असायचं. रस्त्यावरून कुणाला चित्रं दिसू नयेत म्हणून.

काकांची मान खाली गेली. मला वाटलं, आता हा हसेल आणि खरं काय ते सांगेल. एका वाक्याचं काम होतं. विश्वजितनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि म्हणाला, "व्हय, मामा. खेळत हुतो. आता सोडलं."

हातातला ट्रे त्याच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

"सोडलंस ते चांगलं केलंस. पर नाद लावला कुणी?"

"महेंद्रनं."

यातलं वाईट हे की ते खोटं नव्हतं. खेळ महेंद्रनंच शिकवला होता. महेंद्र कोण, घर कुठं, ते काकांनी सांगितलं. विहाराकडचा म्हटल्यावर बैठकीत सगळ्यांना ते लगेच पटलं, पुढं कुणी काही विचारलंच नाही. पाहुण्यांचे चेहरे मोकळे झाले. चांगल्या घरचं पोरगं संगतीनं बिघडलं होतं, आता सुधारलं, असं म्हणत त्यांनी सुपारी फोडायचा दिवस ठरवला.

पाहुणे गेल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. मोबाइलमधले पत्त्यांचे फोटो दाखवले. काकांनी ते लांब धरून बघितले.

"ह्ये खेळतोय त्यो?"

"व्हय. पैशाचा संबंध न्हाई, काका."

"तीस वर्साचा गडी वाघ-राणीची चित्रं खेळतोय, हे सांगू पावण्यास्नी? त्यापरीस जुगार बरा, रेश्मा. जुगार निदान गडीमाणसं खेळत्यात. तू तोंड उघडलंस तर सोयरीक मोडल्याचं पाप तुझ्या माथी."

विश्वजित उंबऱ्यात उभा राहून हे ऐकत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो चपला घालून बाहेर पडला.

नाथाजीमामांची दोन मुलं महेंद्रच्या क्लासला होती. ती आधी बंद झाली. मग त्यांच्या गल्लीतली, मग माझ्या दुकानात नोट्स झेरॉक्स करायला येणाऱ्या बायकांची. जुगारी मास्तर कुणाला हवा? महेंद्र एका रविवारी दुकानात आला आणि मागच्या खोलीत एकटाच बसला. विश्वजितनं यायचं बंद केलं होतं.

"तू सांगत का न्हाईस लोकांस्नी?" मी विचारलं.

"सांगतोय की, ताई. पर त्यानं सोता कबूल केलंय, मग माझं कोण ऐकतंय?" थोडा वेळ तो डेक नुसताच पिसत राहिला. "त्यानं एक फोन केला असता तरी चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यावर गेले. काट्यावर ट्रकवाले उभे होते म्हणून विश्वजितला हळू आवाजात शिव्या दिल्या. तो वजनाच्या पावत्या फाडत राहिला. मग म्हणाला, "मला माझीच लाज वाटती, ताई. महेंद्रसमोर जायाचं धाडस हुईना."

"मग त्याच्या आईसमोर चल," मी म्हणाले. "मी येते संगं."

बनाकाकू अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. महेंद्र घरात नव्हता. विश्वजितनं आपला डेक खिशात आणला होता, पण त्याला तो बाहेर काढायची सवडच मिळाली नाही.

"बरं झालं आलास, बाबा," काकू म्हणाल्या. "तू सुटलास त्यातनं. आता माझ्या पोराला बी सोडव. तुझं ऐकंल त्यो."

विश्वजितचं तोंड बघवेना. तो उकिडवा बसला, डेक काढला आणि पत्ते एकेक करून काकूंसमोर मांडले. हा वाघ, ही राणी, हे असं खेळतात, पैसे लावत नाहीत, मी पाहुण्यांना खोटं बोललो. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की काकूंना पुढं वाकून ऐकावं लागलं. त्यांनी लुगड्याला हात पुसले, एक पत्ता उचलला आणि बराच वेळ बघितला.

"त्यो हेच सांगत हुता मला. चित्रं हैत आई, चित्रं हैत, म्हणून. मी त्याचं ऐकलं न्हाई. म्हणलं, नानासोचा पोरगा सोताच्या तोंडानं कबूल करतोय, ते खोटं कसं असंल? धड बोलले न्हाई मी माझ्या लेकराशी." पत्ता त्यांनी जपून खाली ठेवला. "चित्रं खेळतो म्हणाय लाजलास. माझ्या पोराला जुगारी म्हणाय न्हाई लाजलास व्हय रं?"

विश्वजितनं मांडलेले पत्ते तसेच ठेवले. तो उठला आणि तिथंच अंगणात त्यानं नाथाजीमामांना फोन लावला.

"मामा, मी कवाच जुगार खेळलो न्हाई. चित्रांचे पत्ते असत्यात, वाघाचे, राणीचे. ते खेळतो. अजून बी खेळतो."

पलीकडे मामा हसायला लागले. ते हसणं आम्हा दोघींनाही ऐकू येत होतं. मामांनी शेजारच्या कुणाला तरी ते सांगितलं, मग तोही हसला. विश्वजितचे कान लाल झाले, मान लाल झाली, पण त्यानं फोन कानावरून हलवला नाही. हसणं ओसरेपर्यंत थांबला.

"आन महेंद्रनं मला हाच खेळ शिकवला, दुसरं काय न्हाई. मला ह्या चित्रांची लाज वाटली म्हणून मी त्याचं नाव घालवलं. पोरं क्लासला धाडा, मामा. अंकिताचं काय करायचं ते तुमी ठरवा."

आता पलीकडून कुणी हसत नव्हतं. फोन कट झाला. बनाकाकूंनी सूप पुढं ओढून शेंगा फोडायला घेतल्या. विश्वजित उभाच राहिला, कारण त्याला 'बस' असं कुणी म्हटलं नाही.