हातावर जागा नसली तर

दरवर्षी हिवाळ्यात मला परीक्षक म्हणून बसवत असत आणि दरवर्षी मी मनाशी म्हणे, पुढच्या वर्षी काही झालं तरी नाही म्हणायचं. ते कधी जमलं नाही. यवतमाळात तेव्हा डॉक्टर मोजकेच, त्यात तोंडी परीक्षा घ्यायला रिकामा सापडणारा मी एकटा. गावोगावच्या दवाखान्यांत परिचारिका म्हणून जाणाऱ्या मुलींची ती परीक्षा. माझ्या वाट्याला विषय आला होता प्रतिकारशक्ती आणि ॲलर्जी. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तेच प्रश्न विचारायचे आणि तीच उत्तरं ऐकायची. संध्याकाळी घरी गेलो की बायको जेवायला काय करू असं विचारी, आणि मला तोही प्रश्न नकोसा होई.

वर परीक्षा नेमकी कापसाच्या दिवसांत येई. जिनिंगच्या कारखान्यासमोर बैलबंड्यांची रांग लागलेली असायची आणि हवेत कापसाची बारीक धूळ. ती नाकात गेली की माझा दमा उठायचा. खिशातली गोळी जिभेवर ठेवून, अर्ध्या श्वासात मी समोरच्या पोरीला विचारायचो, "ॲलर्जी म्हणजे काय?" एकीनेही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

उत्तरं सगळ्यांची पाठ. शरीराची रोगाशी झुंजण्याची शक्ती म्हणजे प्रतिकारशक्ती. देवीची लस टोचली की देवी का येत नाही? शरीर त्या रोगाला ओळखून असतं म्हणून. हे सगळं एका दमात, पाढे म्हटल्यासारखं. पाढा मध्येच अडवला तर गाडी परत पहिल्यापासून. साठ सालानंतरचंच एखादं वर्ष असेल. त्या वर्षी नागपूरहून दुसरे परीक्षक आले होते. शिस्तीचे गृहस्थ. पुस्तक उघडून समोर ठेवत आणि मुलगी बोलू लागली की ओळीखाली पेन्सिल सरकवत. शब्द हुकला की पेन्सिल थांबे. ती थांबली की मुलीचं पाणी पाणी होई.

दारव्ह्याकडची एक लग्न झालेली बाई तेवढी त्या दिवशी वेगळं बोलली. ॲलर्जीचं विचारलं तर म्हणाली, "सून बिचारी काही करत नाही, नुसती घरात फिरते, तरी सासूचं डोकं तापते. तसंच अंगाचं असते, साहेब. वस्तू साधी, पण अंगाले मानवत नाही." मला हसू आलं आणि हसण्याने खोकला. पेन्सिल मात्र जागची हलली नव्हती. सासूचा पुस्तकात उल्लेख नाही, असं आमचे नागपूरचे पाहुणे गंभीरपणे म्हणाले. मी भांडून तिला गुण देवविले, पण त्या भांडणात माझी उरलीसुरली ताकद गेली.

दुपारच्या चहाला मेट्रनबाई माझ्या खुर्चीशी आल्या. दवाखान्याचा सगळा कारभार त्यांच्या अंगावर होता; उगाच कोणाची शिफारस करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. म्हणाल्या, "आता जी येईल ती फुलसावंगीकडच्या तांड्यावरची आहे. त्या तांड्यातून शिकायला आलेली पहिली. बापाने एकदाच पाठवलंय. नापास झाली तर फाल्गुनात लग्न. नवरा मुलगा बघून ठेवलाय." मी म्हटलं, "मग मी काय करू?" त्या म्हणाल्या, "काही करू नका. फक्त दमले आहात म्हणून तिच्यावर चिडू नका." माझं नाव इतकं वाईट झालं असेल याची मला कल्पना नव्हती.

ती आली. पांढरं लुगडं, कपाळावर गोंदण, हात कोरे. बंजाऱ्यांच्या लग्न झालेल्या बायांचे हात मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या जाड बांगड्यांनी भरलेले असतात. हिचं लग्न व्हायचं होतं. खुर्चीत न टेकता बसली आणि विचारायच्या आधीच घाम पुसला.

पण तयारी पक्की होती. धनुर्वाताचं सीरम घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याचं रक्त माणसाच्या शरीराला परकं, म्हणून एखाद्याला ते सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, जीवही जातो. म्हणून आधी थेंबभर औषध कातडीखाली टोचून बघायचं. जागा लाल झाली, फुगली, खाजली तर सुई द्यायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. सगळं नीट सांगितलं. पेन्सिल पुस्तकावरून घसरत चालली होती. मला बरं वाटलं.

"थेंब कुठे टोचशील?" पाहुण्यांनी विचारलं.

"हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली."

ते मान हलवून पुस्तक मिटायला लागले. तिथे थांबलो असतो तर ती उठून गेली असती आणि मी पुढचीला बोलावलं असतं. पण दुपारची सुस्ती, त्यात दमा, त्यात सकाळपासून सगळ्या पोरींनी एकच हात पुढे केलेला. मला एकदा तरी पाठ न केलेलं काही ऐकायचं होतं.

"आणि हातावर जागा नसली तर?" मी म्हणालो.

ती म्हणाली, "हातावरच, सर."

"अगं, पण जागाच नाही. समज, हात बांगड्यांनी भरलाय. मग?"

"हातावरच."

पाहुणे माझ्याकडे वळले. "डॉक्टर, उत्तर बरोबर आहे. उगाच कशाला ताणता?"

मला राग आला. तिचा आला. हिला हे ठाऊक नसेल तर कुणाला असणार? तांड्यात वाढलेली पोरगी, जन्मापासून आईच्या बांगड्या कानाशी वाजत असतील, आणि माझ्यासमोर कोपराखालचा हात धरून बसली आहे. मेट्रनबाईंचं बोलणं विसरून मी जरा जोरातच म्हणालो, "तुझ्या आईला सुई द्यायची वेळ आली तर कुठे टोचशील?"

पाहुण्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. पेन्सिल ओळीवर आणली आणि तिथेच धरून ठेवली. मला तेव्हा कळलं की मी काय करून बसलो. आता ती चुकली तर ते गुण कापणार, आणि फाल्गुन काही लांब नव्हता. मी प्रश्न मागे घेणार होतो.

"देल्लीच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"सुई. याडीले देल्लीच नाही." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट घुसलं होतं पायात. बापानं बंडीत घालून दवाखान्यात नेली. मी होतो संगं. तिथला माणूस म्हणे, हात मोकळा कर, आधी हातावर टोचून पाहा लागते. याडी म्हणे, बांगड्या काढत नाही. नवरा जिता आहे, हा काय समोर उभा आहे, कशी काढू? तो म्हणे, हातावर टोचल्याबिगर सुई देता येत नाही, तसा नियम आहे. बापानंही नाही म्हटलं काढ म्हणून. त्याच्यासाठीच तर होत्या त्या."

बाहेर बंडीवाले एकमेकांना शिव्या देत होते.

"मंग आम्ही वापस गेलो. काही दिवसांनी तिचा जबडा बसला."

पुढचं मी विचारलं नाही. धनुर्वाताने माणूस कसं जातं हे तिघांनाही माहीत होतं. मी तशी माणसं पाहिली होती आणि त्या मरणाची मला आजही धास्ती वाटते. त्या दवाखान्यातल्या माणसाचाही राग मला धड येईना. त्याचीही अशीच एक परीक्षा झाली असेल. कुठे टोचशील, हातावर, शाबास, पुढचा. बाईला पाठ असते हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याला ते सुचलं नाही.

"मग तुला तर ठाऊक आहे," मी म्हणालो. "पाठीवर टोचता येतं. मांडीवर येतं. हे सगळं माहीत असून तू हातावर, हातावर काय करत बसलीस? कायले?"

तिने पाहुण्यांच्या पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"पुस्तकात हातच आहे, सर. मी पाठ म्हटलं असतं अन् तुम्ही मले नापास केलं असतं, तर आमच्या बायांच्या पाठीवर टोचायले कोण जाईन?"

पाहुण्यांनी पुस्तक मिटलं, गुण लिहिले आणि कागद माझ्यासमोर सहीला सरकवला. किती दिले ते मी पाहिलं नाही. 'पास' एवढं लिहिलेलं दिसलं. ती उठली, नमस्कार केला आणि लुगड्याचा पदर सावरत गेली. मला रडू येत होतं. पाहुणे म्हणाले, खिडकी लावू का, धूळ फार येते. मी म्हटलं, लावा.

मग पुढची मुलगी आली. शहरातली होती, वकिलाची की कारकुनाची लेक, वेणी घट्ट घातलेली. मला आणखी कोणाला काही विचारायची इच्छा राहिली नव्हती, पण दिवस संपला नव्हता. तिनेही प्रतिकारशक्ती सांगितली, घोडा सांगितला, थेंब सांगितला.

"कुठे टोचशील?"

"हातावर, सर. कोपराखाली."

"आणि हातावर जागा नसली तर?"

तिने पाहुण्यांकडे बघितलं. त्यांच्या हातात आता पेन्सिल नव्हती. मग म्हातारा दमलाय अशा समजुतीच्या सुरात ती हळूच म्हणाली, "हातावरच, सर."

"पाठ असते ना गं बाईला," मी म्हणालो. "पाठ असते."